आवकला हिशेब लागतो, हिशेबाला आवक लागते: बिल्डमधली ही गाठ कशी सोडवायची?

संत्राबर्डी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. कळमना मार्केटमधल्या फळांच्या अडत्यांसाठी आम्ही एक प्रणाली चालवतो. भाषा जावा, कोडची बांधणी (बिल्ड) करायला मेवन, ॲप्लिकेशन उभं करायला स्प्रिंग बूट. चार वर्षं सगळा कोड एकाच मॉड्यूलमध्ये होता. आता तो इतका फुगलाय की एकाने हात लावला की दुसऱ्याचं मोडतं, आणि दोन ओळी बदलल्या तरी सगळं पुन्हा कंपाईल होतं. म्हणून गेल्या आठवड्यात त्याचे तुकडे करायला घेतले.

तुकडे असे: "आवक" म्हणजे गाडी आली, माल उतरला, वजन झालं, प्रत ठरली, लॉट बंद झाला. "हिशेब" म्हणजे शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद), हमाली, तोलाई, आधी दिलेली उचल. "समाईक"मध्ये तारखा, भाषांतरं वगैरे. आणि "मुख्य", जे या सगळ्यांना जोडून चालू करतं.

कागदावर छान दिसत होतं. मेवनला दिलं तर पहिल्याच फटक्यात "द प्रोजेक्ट्स इन द रिअ‍ॅक्टर कंटेन अ सायक्लिक रेफरन्स", म्हणजे मॉड्यूल्स गोल फिरून एकमेकांवरच टेकलेली. हिशेबाला आवक लागते, कारण वजनाशिवाय पट्टी कशी करणार? पण आवकलाही हिशेब लागतो, कारण लॉट बंद झाला की तिथूनच पट्टी तयार करायचा कॉल जातो. आणखीही काही ठिकाणी असेल, मी सगळं पाहिलेलं नाही.

सहकारी म्हणतो, दोघांना जे जे लागतं ते सरळ समाईकमध्ये ढकलून दे, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाहीये. अंबिया बहाराचा (फळांच्या हंगामाचा) माल यायच्या आत हे संपवायचं आहे. तुम्ही काय केलं असतं?

वऱ्हाडी_बाणा | सोमवार, रात्री ९:५२

आमची आजी म्हणे, लगन झाल्याशिवाय वेड जात नाही अन् वेड गेल्याशिवाय लगन होत नाही. तुमच्या मेवनले हेच सांगायचं आहे ताई. बाकी उत्तर जाणकार देतीन, मी बसून वाचून राहिलो.

फुटाळाकाठी | सोमवार, रात्री १०:०५

मी तीन वर्षं गो भाषेत कोड लिहितो. तिथे दोन पॅकेजेस एकमेकांना इम्पोर्ट करूच शकत नाहीत, कंपायलर "इम्पोर्ट सायकल नॉट अलाउड" म्हणून थांबतो. सुरुवातीला राग यायचा. आता वाटतं, बरं आहे, चार वर्षांनी कळण्यापेक्षा चौथ्या मिनिटाला कळतं. जावात एका मॉड्यूलच्या आत पॅकेजेसनी कितीही गोल फिरलं तरी कोणी अडवत नाही. त्यामुळे तुमची गाठ गेल्या आठवड्यात पडलेली नाही. ती चार वर्षांपासून आहे, दिसली आत्ता.

धरमपेठकर | सोमवार, रात्री ११:२०

संत्राबर्डी, तुला जे पटत नाहीये ते बरोबर आहे. सांगून बघतो.

"समाईक" हे नाव काहीच नाकारत नाही. "हिशेब"मध्ये वजनकाट्याचा कोड टाकायला गेलं तर हात अडखळतो, नावच हटकतं. समाईक कोणालाही हटकत नाही. आज तू तिथे वजनाचा क्लास टाकशील, उद्या पट्टीचा, परवा त्या दोघांना लागणारं डेटाबेसचं काहीतरी. मी एका प्रकल्पात पाहिलंय, समाईक वाढत वाढत बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठं झालं होतं. सगळी मॉड्यूल्स त्याच्यावर टेकलेली, त्यामुळे त्यात एक ओळ बदलली की सगळं नव्याने बिल्ड. म्हणजे तुकडे करून मिळवायचं होतं तेच गेलं. मेवनला गोल दिसत नाही एवढाच फरक.

माझा सल्ला: आधी तोडू नकोस, आधी मोज. हिशेब → आवक (हिशेबाला आवक लागते) हा बाण नैसर्गिक वाटतो, तो ठेव. उलटा बाण, आवक → हिशेब, नेमका कशाने बनलाय ते शोध. सोपी रीत आहे. आवकच्या पॉममधून (कोणाला काय लागतं ते लिहिलेल्या मेवनच्या फाइलमधून) हिशेबाची डिपेंडन्सी काढून टाक आणि एकट्या आवकला कंपाईल कर. ज्या चुका येतील तीच तुझी यादी. एक लक्षात ठेव, जावासी (जावाचा कंपायलर) मुळात १०० चुका दाखवून थांबतो, त्याला -एक्समॅक्सएरर्सने मोठा आकडा दे, नाहीतर यादी अर्धीच मिळेल आणि काम झालं असं वाटेल.

यादी आली की प्रत्येक ओळीसमोर लिही, हे इथे का आहे. मॉड्यूल्समधला बाण आपल्याला एक दिसतो, पण आत चारपाच वेगवेगळ्या कारणांचे धागे पिळलेले असतात. प्रत्येक धाग्याला औषध वेगळं.

लिंकर_काका | मंगळवार, सकाळी ७:१०

धरमपेठकरांशी सहमत. मी १९९४ पासून सी आणि सी++ मध्ये आहे. आमच्याकडे हा रोग दोन जागी दिसतो. पहिला हेडरमध्ये (क्लासची ओळख लिहिलेली फाइल): अ ला ब चं हेडर हवं, ब ला अ चं. गार्ड लावला तरी एकाला दुसऱ्याचा आकार कळत नाही. तिथे फॉरवर्ड डिक्लरेशन: "असा एक क्लास आहे" एवढंच सांगायचं, पॉइंटरला तेवढं पुरतं.

दुसरा लिंकरमध्ये (कंपाईल झालेले तुकडे जोडणारं साधन). युनिक्सचा लिंकर स्टॅटिक लायब्ऱ्या डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो. अ ला ब मधलं काही हवं आणि ब ला परत अ मधलं, तर "अनडिफाइन्ड रेफरन्स". मग लोक काय करतात, ओळीत तीच लायब्ररी दोनदा लिहितात, किंवा स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुपच्या मध्ये दोघींना कोंबतात, म्हणजे लिंकर सगळं सुटेपर्यंत फेऱ्या मारत राहतो. काम होतं. पण ज्या दोन लायब्ऱ्या कायम ग्रुपमध्येच लिंक होतात, त्या दोन नाहीत, एकच आहे. मी अशा जोड्या दिसल्या की सरळ एक करून टाकतो. संत्राबर्डी, हाही पर्याय मनात ठेव.

मिहानवासी | मंगळवार, सकाळी ९:३३

काका, हेच लिहायला आलो होतो. प्रत्येक गोल वाईट नसतो. दोन मॉड्यूल्स नेहमी सोबतच बदलत असतील, सोबतच रिलीज होत असतील, तर ती वेगळी करून काय मिळालं? सहा जणांची टीम आहे. आवक आणि हिशेब एकत्र ठेवा, बाकीचे तुकडे करा, बहार निघून जाऊ द्या, मग बघा. अभियांत्रिकीत वेळेलाही किंमत आहे.

धरमपेठकर | मंगळवार, सकाळी १०:०२

मिहानवासी, सोबतच बदलतात का हे अंदाजाने कशाला ठरवायचं? गिटमध्ये कोडच्या प्रत्येक बदलाची (कमिटची) नोंद आहे. गेल्या वर्षभरातल्या किती कमिट्सनी दोन्हीकडे हात लावला ते पाहता येतं. बहुतेक कमिट्स दोन्हीकडे असतील तर तुमचं बरोबर, एक करा. दहातली एखादीच असेल तर ही दोन वेगळी माणसं आहेत, चुकून एकाच खोलीत राहतायत.

अजगर४४० | मंगळवार, सकाळी १०:४०

पायथॉनवाल्यांचा जुगाड: इम्पोर्ट फाइलच्या माथ्यावरून काढून फंक्शनच्या आत टाकायचा. कॉल होईपर्यंत दोन्ही मॉड्यूल्स लोड झालेली असतात, चालून जातं. पायथॉन आता चुकीच्या संदेशातच सांगतो, मॉड्यूल अर्धवट तयार आहे, बहुधा सर्क्युलर इम्पोर्ट असेल. फक्त टाइपसाठी हवं असेल तर टाइप-चेकिंगच्या अटीखाली इम्पोर्ट, तो चालवताना होतच नाही.

जुगाड आहे हे मान्य. पण रात्री ११ ला सर्व्हर उभा करायचा असतो तेव्हा मी तो केलाय आणि परत करेन.

फुटाळाकाठी | मंगळवार, सकाळी १०:५१

जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये याहून वाईट. कॉमनजेएसमध्ये (तिथली मॉड्यूल्स जोडायची एक पद्धत) गोल असेल तर चूक येतच नाही. दुसऱ्या मॉड्यूलचा अर्धा भरलेला ऑब्जेक्ट हातात येतो, आणि "अनडिफाइन्ड इज नॉट अ फंक्शन" भलत्याच फाइलमध्ये, भलत्याच दिवशी. त्यापेक्षा मेवनसारखा दारातच अडवणारा बरा.

रामटेकची | मंगळवार, दुपारी १:१५

मी संस्कृतची, आता एका ऑफिसात सॉफ्टवेअरची चाचणी करते. वाचताना राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आपल्या न्यायशास्त्रात या दोषांना नावं आहेत. एखादी गोष्ट सिद्ध करायला तीच गोष्ट लागली तर आत्माश्रय. अ ला ब लागतो आणि ब ला अ, तर अन्योन्याश्रय. तीन किंवा अधिक कड्यांनी फिरून परत तिथेच, तर चक्रक. आणि अ ला ब, ब ला क, क ला ड, असं न संपता मागे मागेच जात राहिलं तर अनवस्था. संत्राबर्डी, तुझा अन्योन्याश्रय आहे. पण नीट पाहा, समाईक जर चुकून आवककडे बघत असेल तर चक्रकही निघेल.

वऱ्हाडी_बाणा | मंगळवार, दुपारी १:३०

बाप्पा! म्हणजे आजीची म्हण अन्योन्याश्रयाची होती. हे आजीले सांगावं लागते आता.

अंबाझरी_पहाट | मंगळवार, दुपारी २:४५

रामटेकची, अनवस्था वाचून अंगावर काटा आला, कारण मी ती भोगलेली आहे.

आधीच्या नोकरीत हाच गोल होता, मेवनच. कोणीतरी सुचवलं, एका मॉड्यूलने दुसऱ्याच्या चालू कोडवर टेकायचंच नाही, त्याच्या आधीच्या रिलीजच्या जारवर (बांधून ठेवलेल्या फाइलवर) टेकायचं. म्हणजे पहिलं मॉड्यूल १.४, ते दुसऱ्याच्या १.३ वर. दुसऱ्याचं १.४ पहिल्याच्या १.४ वर. आवृत्ती वेगळी, त्यामुळे रिअ‍ॅक्टरला गोल दिसत नाही, जार भांडारातून येते. बिल्ड हिरवं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सहा महिन्यांनी दोन गोष्टी झाल्या. पहिली, एका मेथडची सही बदलली. कंपाईल झालं जुन्या जारसमोर, चाललं नव्या जारसोबत, आणि ग्राहकाकडे नोसचमेथडएरर, म्हणजे अशी मेथडच नाही. टेस्ट्स सगळ्या हिरव्या होत्या. तो शनिवार मी अजून विसरले नाही. मी तेव्हा लक्ष्मीनगरला राहायचे, घरी पाहुणे जेवायला बसलेले आणि मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर.

दुसरी त्याहून मोठी. भांडाराची डिस्क गेली. कोड सगळा गिटमध्ये सुरक्षित होता, पण १.९ बांधायला १.८ ची जार हवी, १.८ बांधायला १.७ ची, अशी थेट १.३ पर्यंत. सात रिलीजेस हाताने, क्रमाने बांधत पुढे यावं लागलं, आणि १.३ चा आमचा टॅग तरी होता. तो नसता तर कुठून सुरुवात करायची हेच कळलं नसतं. हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नकोस.

रामटेकची | मंगळवार, दुपारी ३:०५

अंबाझरी_पहाट, म्हणजे अन्योन्याश्रय टाळायला गेले आणि अनवस्थेत पडले. शास्त्रात वादीला नेमकं असंच कोंडीत धरतात.

लिंकर_काका | मंगळवार, सायंकाळी ६:२०

थोडं विषयांतर. जगातला सर्वात थोर गोल म्हणजे जीसीसी (कंपायलर) आणि जीलिबसी (सी लायब्ररी). सी लायब्ररी बांधायला कंपायलर हवा, आणि पूर्ण कंपायलरला सी लायब्ररी हवी. नव्या प्रोसेसरसाठी शून्यातून उभं करताना तो असा सोडवतात: आधी लायब्ररीविना चालेल असा अपुरा जीसीसी बांधायचा. त्याने जीलिबसी बांधायची. मग तिच्यावर पूर्ण जीसीसी दुसऱ्यांदा. डेबियन लिनक्समध्येही पॅकेजेसच्या अशा गाठी असतात, तिथे पहिल्या फेरीत दस्तऐवज आणि टेस्ट्स वगळून पॅकेज हलकं करतात, त्याने गोल तुटतो, नंतर पूर्ण बांधतात.

सांगायचं हे की तिथेही गोल तोडताना एकच प्रश्न विचारला: याला त्याच्यातलं खरोखर किती लागतं? पूर्ण लागत नसतं. थोडंसंच लागतं.

जुनी_इतवारी | मंगळवार, रात्री १०:३०

मी प्रोग्रामर नाही. मुलगा या धाग्यावर वाचत होता, "कळमना" शब्द दिसला म्हणून मला दाखवला. आमची दोन पिढ्यांची फळांची अडत आहे, मी २० वर्षं गादीवर बसलो आहे. तांत्रिक भाग समजला नाही, पण तुम्ही जे म्हणता की आवक हिशेबाला हाक मारते, ते वाचून वाटलं, आमच्याकडे तर असं नव्हतं.

कागदावर होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. काट्यावर तोलारी. त्याच्याकडे वजनवही. लॉट संपला की तो एक चिठ्ठी फाडायचा: शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी, प्रत, वजन, तारीख, सही. ती चिठ्ठी खांबाला ठोकलेल्या तारेच्या आकड्यात टोचायची. बस. त्याचं काम तिथे संपलं. दिवाणजी आतल्या गाळ्यात. तो अर्ध्या तासाने येऊन तारेवरच्या चिठ्ठ्या काढून न्यायचा आणि पट्ट्या करायचा. तोलाऱ्याने पट्टीबुक आयुष्यात उघडलं नाही. दिवाणजी कोण आहे, आज सुट्टीवर आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. दिवाणजी दोनदा बदलले, तोलारी तोच होता, चिठ्ठी तीच होती.

आणि दिवाणजीला शंका आली तरी तो काट्यावर विचारायला जायचा नाही, कारण चिठ्ठीत सगळं असायचं. चिठ्ठीत काही राहिलं तर तोलाऱ्याला वडील रागवायचे.

धरमपेठकर | मंगळवार, रात्री १०:५८

इतवारी काका, तुम्ही प्रोग्रामर नाही म्हणता, पण उत्तर तुम्हीच दिलंत. मी फक्त आमच्या भाषेत लिहितो.

तो आकडा म्हणजे इंटरफेस, काय द्यायचं एवढंच ठरवणारा करार. आणि महत्त्वाचं काय, आकडा काट्याजवळच्या खांबाला आहे, आतल्या गाळ्यात नाही. चिठ्ठीत काय लिहायचं हे काट्याच्या बाजूने ठरतं. म्हणून संत्राबर्डी, "लॉट बंद झाला" हा इंटरफेस आवक मॉड्यूलमध्ये राहू दे. आवक त्याला चिठ्ठी देते. तो अमलात आणणारा क्लास हिशेबात. हिशेब आधीच आवकवर टेकलेला आहे, त्यामुळे नवीन बाण लागत नाही. कोणाची चिठ्ठी कोणी उचलायची ही जुळणी "मुख्य" करेल. आवकच्या पॉममधून हिशेबाचं नाव जाईल.

लोक इंटरफेस काढतात पण तो हिशेबातच ठेवतात, आणि गोल जसाच्या तसा राहतो. खांब कुठे आहे ते पाहा.

मिहानवासी | मंगळवार, रात्री ११:१५

मान्य, हे सुंदर आहे. पण एक धोका सांगतो. आकडा म्हटलं की लोक लगेच मेसेज क्यू (निरोप रांगेत ठेवून नंतर हाताळायची व्यवस्था) आणतात. पट्टी तयार होताना चूक झाली तर लॉट बंद राहणार की उघडा? आत्ता एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आहे, दोन्ही होतं किंवा दोन्ही होत नाही. क्यू आणली तर ते गेलं. साधा इंटरफेस आणि साधा मेथड कॉल ठेवा, ट्रान्झॅक्शन तेच राहतं. स्प्रिंगचा इव्हेंट वापरलात तरी साधा इव्हेंटलिसनर मुळात त्याच थ्रेडवर, तिथल्या तिथे चालतो. ट्रान्झॅक्शनल इव्हेंटलिसनर मात्र मुळात कमिट झाल्यावर चालतो, तो फरक माहीत असू द्या.

संत्राबर्डी | गुरुवार, रात्री ८:१०

दोन दिवस गायब होते, काम करत होते. सगळ्यांचे खूप आभार. सविस्तर लिहिते.

आधी मोजलं. गिटमध्ये वर्षभरातल्या कमिट्सपैकी आवक आणि हिशेब दोन्हींना हात लावणाऱ्या फारच थोड्या निघाल्या, आणि त्यातल्याही बऱ्याच नावं बदलण्याच्या. म्हणून एक करायचा विचार सोडला. मग आवकच्या पॉममधून हिशेब काढून कंपाईल केलं. पहिल्यांदा बरोबर १०० चुका आल्या आणि मला वाटलं, वा, गोल आकडा! मग धरमपेठकरांचं आठवलं, मर्यादा वाढवली तर २३७. पण त्या २३७ चुकांमागे धागे चारच होते.

पहिला: लॉट बंद झाल्यावर पट्टी. त्याला आकडा ठोकला, खांबासकट. इंटरफेसचं नावच "चिठ्ठीआकडा" ठेवलंय, टीममधल्या कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरा: हिशेबात एक "मोजमाप" क्लास होता, किलो-क्विंटल आणि पैशांचं पूर्णांकन. बहुतांश चुका याच्याच होत्या. त्याला स्वतःचं छोटं मॉड्यूल दिलं, नाव "मोजमाप"च. समाईकमध्ये टाकलं नाही. ते कोणावरच टेकत नाही.

तिसरा: आवकच्या टेस्ट्स हिशेबातला नमुना-शेतकरी तयार करणारा क्लास वापरत होत्या. मला वाटलं होतं टेस्ट स्कोपची डिपेंडन्सी चालेल. चालत नाही. मेवनसाठी मॉड्यूल म्हणजे एकच ठिपका, टेस्टचा बाणसुद्धा बाणच. दोघांना लागणाऱ्या टेस्ट्स वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढल्या, जे दोघांवर टेकतं आणि ज्याच्यावर कोणी टेकत नाही.

चौथा अडला. लॉट उघडतानाच्या स्क्रीनवर शेतकऱ्याची बाकी उचल दिसते. ती हिशेबातून येते. हे आवकमधून काढायचं तर कुठे न्यायचं?

आणि एक नवीन संकट. बिल्ड हिरवं झालं, पण ॲप्लिकेशन सुरूच होईना. स्प्रिंग म्हणतं, बीन्समध्ये (सुरू होताना ते ज्या वस्तू तयार करून जोडतं त्यांत) गोल आहे.

मिहानवासी | गुरुवार, रात्री ८:३२

अभिनंदन! आणि स्प्रिंगचं सांगतो, कारण या खड्ड्यात मी पडलो आहे. स्प्रिंग बूट २.६ पासून, म्हणजे २०२१ च्या नोव्हेंबरपासून, बीन्समधला गोल मुळातच बंद आहे. तुझी आवकसेवा आकडा मागते. आकडा म्हणजे प्रत्यक्षात हिशेबसेवा. आणि हिशेबसेवा बहुधा वजन विचारायला परत आवकसेवा मागते. बाण कंपाईलच्या वेळी सरळ झाले, चालवतानाचा गोल राहिला.

अलाउ-सर्क्युलर-रेफरन्सेस ट्रू केलंस की चालेल. @लेझी लावलंस तरी चालेल. तुझ्या जागी मी दोन्ही करणार नाही. इतवारी काकांचं शेवटचं वाक्य वाच: चिठ्ठीत सगळं असायचं.

संत्राबर्डी | गुरुवार, रात्री ९:२०

माझ्या चिठ्ठीत फक्त लॉटचा क्रमांक होता!! म्हणून दिवाणजी परत काट्यावर येत होता. आता चिठ्ठीत शेतकरी, प्रत, वजन, तारीख सगळं घातलं. हिशेबसेवेला आवकसेवा लागतच नाही. सुरू झालं. हात थरथरतायत आनंदाने.

अजगर४४० | गुरुवार, रात्री ९:२६

हे वाचून माझे फंक्शनमधले इम्पोर्ट आठवले. पुढच्या आठवड्यात एकेक काढायला घेतो. चिठ्ठी तपासून.

जुनी_इतवारी | शुक्रवार, सकाळी ६:४५

चौथ्या धाग्याबद्दल. उचल तोलाऱ्याला कधीच दिसत नव्हती, दिसायलाही नको. कोणावर किती उचल आहे हे काट्यावर चार लोकांसमोर वाचलं जाणं बरं नाही, शेतकऱ्याचा मान असतो. ती विचारपूस गादीवर व्हायची. तुमच्या स्क्रीनवर ती काट्याच्या जागी कोणी मागितली होती का, ते एकदा अडत्याला विचारून पाहा.

संत्राबर्डी | शनिवार, दुपारी ४:५०

काका, आज कळमन्यात जाऊन आले. तुमचं अक्षरशः खरं निघालं. चार वर्षांपूर्वी पहिल्या ग्राहकाकडे काटा आणि गादी एकाच संगणकावर होती, म्हणून आम्ही दोन्ही एका पानावर दाखवलं. आता काट्यावर वेगळा मुलगा बसतो. तो मला म्हणाला, "ताई, तो उचलीचा आकडा मले दिसते, पण मी तिकडे पाहतच नाही. गावचे लोक समोर उभे राहतात."

उचल गादीच्या पानावर नेली. ते पान "मुख्य"मध्ये आहे, त्याला दोन्ही मॉड्यूल्स माहीत असणं बरोबरच आहे. काट्याच्या पानावरून तो रकाना गेला. आवकच्या पॉममध्ये आता फक्त मोजमाप आणि समाईक.

शिवाय एक टेस्ट लिहिली, आर्चयुनिट (कोडची रचना तपासणारं साधन) वापरून: पॅकेजेसमध्ये कुठेही गोल झाला की बिल्ड लाल. समाईकच्या आत एक जुना चक्रक सापडलाही, तीन पॅकेजेसचा. रामटेकची, तू म्हणाली होतीस. तो सोमवारी.

लिंकर_काका | शनिवार, सायंकाळी ५:१५

शाब्बास. तो चक्रक तीन पॅकेजेसचा आहे, तर यादी हाताने करू नकोस. असे गोल फिरणारे गट शोधायचा टारजनचा अल्गोरिदम १९७२ चा आहे, आणि अनेक साधनं तो वापरतात. साधन काय दाखवतं ते आधी पाहा, मग सर्वात बारीक धागा कापायला घे.

वऱ्हाडी_बाणा | शनिवार, सायंकाळी ५:४०

ताई, सोमवारी जो गोल सुटन त्याचंबी इथं लिहा. अन् इतवारी काका, तुमच्या गादीवर एकदा येऊ का? तो खांब पाहाचा आहे.

जुनी_इतवारी | शनिवार, सायंकाळी ६:०५

या की. गाळा बदलला, खांब गेला, पण आकडा वडिलांनी काढून ठेवला होता. घरी आहे. सकाळी आठच्या आत या, पोहे खाऊ, तर्री आमच्या कोपऱ्यावरची.